चिवट अँथियास: पिशवीतून टाकीत आणि टाकीतून थव्यात

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत अँथियास हा प्रवाळखडकावरचा रंगीत मासा मरतो तो बहुतेक वेळा भुकेने. पाणी चांगलं असतं, बाकीचे मासे टवटवीत असतात, आणि हा मात्र दोन-तीन महिन्यांत सुकत जाऊन एके सकाळी दगडाच्या फटीत निपचित सापडतो. कारण त्याच्या जगण्याच्या रीतीतच आहे. प्रवाळखडकाच्या उतारावर, जिथे प्रवाह जोरात असतो, तिथे हे मासे थव्याने प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात आणि वाहत येणारं प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, दिवसभर एकेक करून टिपतात. एकदाच पोटभर खाऊन दिवस काढायची त्यांच्या शरीराला सवयच नाही. म्हणून पुढे जे काही लिहिलं आहे, जातीची निवड, विलगीकरण, प्रवाह, नायट्रेट, ते सगळं शेवटी या एकाच गोष्टीपाशी येतं: हा मासा दिवसातून किती वेळा खातो आणि काय खातो.

अँथियासच्या बाबतीत ‘चिवट’ म्हणजे अमर नव्हे. जी जात पहिल्या काही दिवसांत गोठवलेलं खाणं घेते, पुढे पेलेटवर, म्हणजे कोरड्या दाण्यांवर, येते आणि दिवसातून तीन-चार वेळच्या खाण्यावर अंग धरून राहते, ती चिवट. लायरटेल, म्हणजे स्युडँथियास स्क्वामिपिनिस, ही त्यातली सर्वांत खणखणीत जात. तांबड्या समुद्रापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत आढळते. मादी नारिंगी, डोळ्याखालून छातीच्या पराकडे जाणारी जांभळट रेघ. नर गडद गुलाबी-लाल, पाठीच्या पराचा तिसरा काटा लांबलेला. पण नर १२ सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि दांडगाई करतो, त्यामुळे ५०० लिटरच्या आत लायरटेलचा थवा ठेवू नये. बार्टलेट ९ सेंटिमीटरच्या आतच राहतो, वरून पिवळा, खालून फिकट जांभळा, आणि खाण्याच्या बाबतीत तितकाच तयार. बायमॅक्युलेटस आणि स्क्वेअरबॅकही खायला चांगले, पण ते बऱ्याचदा खोल पाण्यातून पकडलेले असतात. वर आणताना पोटातली हवेची पिशवी फुगली असेल तर मासा शेपटी वर, डोकं खाली असा तिरका पोहतो, थांबला की वर तरंगतो. असा मासा घेऊ नये, कितीही सुंदर असला तरी. डिस्पार हा मधला प्रकार: खातो, पण भित्रा आहे आणि दांडग्या माशांसमोर मागे राहतो. टुका आणि पास्कॅलस हे जांभळे अँथियास मात्र पहिल्या थव्यासाठी नकोतच. त्यातले अनेक मासे गोठवलेलं खाणं तोंडात घेऊन थुंकतात आणि तसेच संपतात.

आम्ही बार्टलेट निवडले: एक नर, चार माद्या. टाकी १५० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ५० उंच, म्हणजे ४५० लिटर, वर्षभर चाललेली. नव्या टाकीत अँथियास घालायची घाई करू नये. रात्री दिवे गेल्यावर टॉर्च मारला की काचेवर बारीक पांढरे ठिपके सरपटताना, उड्या मारताना दिसले पाहिजेत. ते कोपेपॉड, कोळंबीच्या कुळातले सूक्ष्म जीव. ते असले की दोन खाण्यांच्या मधल्या वेळात माशाला काहीतरी टिपायला मिळतं.

मासे आणण्याआधी टाकीत तीन कामं केली. पहिलं झाकण: ६ मिलिमीटर भोकांची पारदर्शक जाळी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवली. अँथियास उडी मारतो, आणि नेमका पहिल्या आठवड्यात, पाठलाग चालू असताना मारतो. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी टाकीबाहेर वाहून जातं त्या कोपऱ्यातली केबलची फटसुद्धा सोडली नाही. दुसरं प्रवाह: टाकीच्या पाण्याच्या निदान वीसपट, म्हणजे ताशी ९,००० लिटर. दोन टोकांना दोन वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह तयार करणारे पंप, आलटून पालटून चालणारे. मात्र एक कोपरा मुद्दाम शांत ठेवला, कारण मागे पडलेल्या मादीला दम घ्यायला जागा लागते. तिसरं दगडांची मांडणी: रात्री प्रत्येक अँथियास आपल्या ठरावीक फटीत झोपतो. पाच माशांना सात-आठ फटी हव्यात. फटी कमी पडल्या की संध्याकाळी दिवे मंदावताना मारामारी होते, आणि दिवसा पाहणाऱ्याला सकाळच्या फाटक्या परांचं कारण कळत नाही.

खरेदीच्या वेळी एकच हट्ट धरला: माशाने आमच्यासमोर खाणं खाल्लं पाहिजे. प्रवासातून येऊन आठवडा झालेला असावा. मासा नुसता पाहायचा नाही, मान पाहायची. डोळ्याच्या मागे, डोक्यावरून पाठीकडे जाणारी रेघ भरलेली हवी. तिथे खळगा असेल तर मासा आठवडे उपाशी आहे आणि तो परत येणं अवघड. पोट आत गेलेलं असेल तर तेवढं वाईट नाही, ते प्रवासातल्या उपाशीपणानेही जातं. आणि त्या टाकीतल्या कुठल्याही माशाच्या कुशीवर लालसर व्रण दिसला, तर तिथला एकही अँथियास घ्यायचा नाही. याचं कारण युरोनिमा.

युरोनिमा मरिनम हा एकपेशीय जीव एरवी घाणीवर आणि जिवाणूंवर जगतो, पण थकलेल्या माशात शिरतो, आणि अँथियास व क्रोमिस (थव्याने राहणारा दुसरा एक मासा) हे त्याचे ठरलेले बळी. खवल्यांखाली तांबूस-तपकिरी डाग येतो, दिवसभरात त्याचा व्रण होतो, दोन-तीन दिवसांत मासा जातो. तो स्नायूत शिरलेला असल्यामुळे परजीवी मारायला औषध म्हणून पाण्यात घालतात ते तांबं त्याच्यापर्यंत पोचत नाही. उपाय म्हणून फॉर्मेलिनची आंघोळ आणि खाण्यातून मेट्रोनिडाझोल देतात, पण व्रण दिसल्यावर क्वचितच हाती काही लागतं. फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे. बंद खोलीत, हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. म्हणून निवड आणि स्वच्छता हाच खरा बंदोबस्त: विलगीकरणाच्या टाकीत तळाला काहीही साचू द्यायचं नाही.

पिशवीतून काढताना सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या काळजीपोटीच होतात. तासन् तास नळीने थेंब थेंब पाणी सोडायची पद्धत लांबून आलेल्या माशाला मारक ठरते. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, पाण्याचा पीएच उतरतो, आणि त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे आपण थेंब मोजत बसतो आणि मासा त्या विषात बसलेला असतो. त्याऐवजी विक्रेत्याच्या पाण्याचा खारटपणा आधी विचारून घेतला. विशिष्ट गुरुत्वाच्या मापात तो १.०२१ होता. विलगीकरणाची टाकी १.०२१ वरच तयार ठेवली, बंद पिशवी तापमान जुळायला वीस मिनिटं तरंगत ठेवली, उघडल्या उघडल्या रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्राने, खात्री केली आणि मासे हाताने अलगद उचलून टाकीत सोडले. पिशवीतलं पाणी फेकलं. पुढे रोज ०.००१ ते ०.००२ या हिशेबाने खारटपणा १.०२५ वर आणला. खारटपणा उतरवणं मासा सोसतो, चढवणं मात्र हळूच करावं लागतं.

विलगीकरणासाठी तांब्याऐवजी टाकी बदलण्याची पद्धत घेतली. अँथियास तांब्याने दगावतोच असं नाही, पण मात्रा भराभर चढवली की खाणं सोडतो, आणि ज्या माशाचा जीव खाण्यावर आहे त्याचं खाणं थांबवून आपण काय कमावणार? टाकी बदलण्यामागचं गणित व्हाइट स्पॉटच्या, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीच्या, जीवनचक्रावर आहे. हा परजीवी काही दिवस माशावर राहतो, गळून पडतो, तळाला कोश करतो, आणि त्या कोशातून नवी पिल्लं बाहेर पडायला निदान तीन दिवस लागतात. त्याआधी मासा दुसऱ्या, कोरड्या करून भरलेल्या टाकीत गेला की मागची पिल्लं उपाशी मरतात. म्हणून ७२ तासांच्या आत बदल, असे चार बदल, एकूण बारा दिवस. ८० लिटरच्या दोन टाक्या, प्रत्येकीत हीटर, हवेचा दगड आणि लपायला पीव्हीसी पाइपच्या दोन इंची एल्बोंचे सहा तुकडे. वाळू नाही, दगड नाही. एका टाकीतली जाळी, नळी, हीटर दुसऱ्या टाकीत जात नाही. रिकामी केलेली टाकी धुऊन, पुसून, पूर्ण दिवसभर कोरडी ठेवायची. बदल करताना जुनं पाणी शक्य तितकं कमी जावं. दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात प्राझिक्वांटेल हे जंतांवरचं औषध लिटरमागे २.५ मिलिग्रॅम घातलं. कल्ल्यांवरच्या आणि अंगावरच्या फ्लूकसाठी, म्हणजे चपट्या परजीवी कृमींसाठी, दोन मात्रा सहा दिवसांच्या अंतराने लागतात, आणि त्या या वेळापत्रकात बरोबर बसतात. प्राझिक्वांटेलने पाण्यातले जिवाणू वाढून प्राणवायू घटतो, तेव्हा त्या दिवसांत हवा दुप्पट सोडली.

या टाक्यांमध्ये जिवंत फिल्टर, म्हणजे अमोनिया संपवणारे मुरलेले जिवाणू, नसतो, त्यामुळे अमोनिया रोज तपासावा लागतो. ०.५ पीपीएमकडे (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) सरकू लागला की एक चतुर्थांश पाणी बदललं. अमोनिया बांधणारी द्रव्यं इथे चालतात, पण तांबं चालू असेल तर ती अजिबात घालू नयेत. त्यांच्यामुळे तांब्याचं रूप बदलतं आणि ते माशाला विषारी ठरतं.

टाकी बदलण्याने व्हेल्वेट हा दुसरा परजीवी रोग जात नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवावं. अंगावर सोनेरी-करड्या पिठाचा पातळ थर, भराभर हलणारे कल्ले, प्रवाहाच्या तोंडाशीच खिळून राहणं असं दिसलं तर ही पद्धत सोडून चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं, तांबं सुरू करावं. मात्रा चार-पाच दिवसांत हळूहळू २ ते २.५ पीपीएमपर्यंत चढवायची, चिलेटेड तांबं मोजणाऱ्या किटनेच मोजायची, आणि त्या काळात माशापुढे सर्वांत आवडीचं खाणं ठेवायचं.

खाण्याची शिकवणी याच बारा दिवसांत झाली. पहिल्या दिवशी दिवा बंद, तीन बाजूंना काळा कागद, खाणं नाही. दुसऱ्या सकाळी आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जीवाची ताजी फुटलेली पिल्लं. एक लिटर खाऱ्या पाण्यात एक ग्रॅम अंडी, २८ अंशांवर, खालून जोरात हवा. चोवीस तासांत पिल्लं तयार होतात. ती बारीक जाळीतून गाळून गोड्या पाण्याने धुवायची, कवचं मागे सोडायची. हलणारं अन्न दिसलं की अँथियासची नजर जागी होते. काचेला नाक लावून पाहिलं तर हे अगदी स्पष्ट दिसतं: मासा जागेवर थरथरत उभा असतो, एक डोळा पुढे फिरतो, एखाद्या ठिपक्यावर स्थिरावतो, जबडा झटक्यात पुढे सरकतो आणि ठिपका नाहीसा होतो. मग पुन्हा तीच थरथर. एका वेळी एकच दाणा, नेहमी मधल्या पाण्यातला. तळाला पडलेलं खाणं हा मासा सहसा उचलत नाही. म्हणून ‘टाकलं होतं, पण खाल्लं नाही’ या तक्रारीत अनेकदा दोष खाण्याचा नसतो, खाणं तरंगत न राहण्याचा असतो.

तिसऱ्या दिवशी पिल्लांमध्ये गोठवलेले सायक्लोप्स आणि कॅलॅनस हे कोपेपॉड मिसळले, पाचव्या दिवशी बारीक चिरलेला मिसिस हा छोट्या कोळंबीसारखा जीव, आठव्या दिवशी त्याच मिश्रणात ०.५ ते ०.८ मिलिमीटरचे भिजवलेले पेलेट. पेलेट आधी मिसिसच्या वितळलेल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचे. वास लागतो, मऊ होतात आणि लगेच बुडत नाहीत. पहिले दोन दिवस माशांनी पेलेट थुंकले. तिसऱ्या दिवशी नराने गिळला आणि माद्यांनी त्याचं पाहून गिळला. थव्याचा हा फायदा मोठा आहे: एक खाऊ लागला की बाकीचे शिकतात. एकटा आणलेला अँथियास याला मुकतो. प्रत्येक खाण्यानंतर पंधरा मिनिटांनी उरलंसुरलं बारीक नळीने ओढून काढलं.

बारा दिवसांनंतर मासे तिसऱ्या टाकीत दोन आठवडे निरीक्षणाखाली होते. तिथे स्पंज फिल्टर होता, महिनाभर आधीपासून संपमध्ये, म्हणजे मोठ्या टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, मुरवून ठेवलेला. इथून खाणं दिवसातून चार वेळांवर नेलं.

मोठ्या टाकीत सोडताना पाचही मासे एकाच दिवशी गेले. आधी तीन दिवस आतच टांगलेल्या भोकांच्या पारदर्शक पेटीत ठेवले, म्हणजे जुन्या माशांना त्यांची आणि त्यांना प्रवाहाची ओळख होते. दिवे मंद झाल्यावर पेटी उघडली. पाठलाग होणार, त्याला घाबरायचं नाही. नर मादीवर झेपावतो, ती बाजूला होते, दोन सेकंदांत संपतं. धोक्याची खूण वेगळी: एक मासा वरच्या कोपऱ्यात खिळलेला, पर फाटलेले, आणि खाणं पडलं तरी पुढे न येणारा. आमच्याकडे सर्वांत मोठ्या मादीने सर्वांत छोटीला असं धरलं. अशा वेळी मार खाणारीला बाहेर काढायची चूक करू नये. ती परत आली की पुन्हा शेवटच्या नंबरावर जाते. मारणारीला पेटीत टाकलं, पाच दिवस. तेवढ्यात बाकीच्यांची उतरंड नव्याने बसली आणि ती परतली तेव्हा तिला आपली जागा नव्याने मिळवावी लागली. बार्टलेटचा थवा लहान टाकीत एकेक करून घटत शेवटी एकच उरतो, तो असाच. त्यामुळे पहिला महिना रोज मासे मोजावेत, आणि खाण्याच्या वेळीच मोजावेत.

सध्याचं वेळापत्रक असं आहे: दिवे लागल्यावर अर्ध्या तासाने आणि दुपारी ऑटोफीडरमधून पेलेट, संध्याकाळी गोठवलेलं मिश्रण, दिवे जाण्याआधी तासभर पुन्हा थोडं. मिश्रणात दोन भाग मिसिस, एक भाग कॅलॅनस, एक भाग माशांची अंडी. वितळवून जाळीत धुवायचं, कारण त्या लालसर पाण्यात फॉस्फेट असतं, आणि मग त्यावर मेदाम्लांच्या द्रावाचे तीन-चार थेंब टाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. अँथियासचा रंग टाकीत फिका पडतो ही जुनी तक्रार आहे. कॅलॅनसमधल्या अस्टाझँथिन या लाल रंगद्रव्याने तो बराच टिकतो. खाणं देताना संपमधलं पाणी परत वर आणणारा रिटर्न पंप दहा मिनिटं बंद, वेव्हमेकर मंद पण चालू. पंप चालू ठेवला तर अर्धं खाणं ओव्हरफ्लोतून संपमध्ये जातं. मिश्रण पिपेटने थेट वेव्हमेकरच्या धारेत सोडायचं, एकदम नाही, तीन-चार हप्त्यांत. दोन मिनिटांत सगळं संपलं पाहिजे.

ऑटोफीडरचा एक दोष सांगायलाच हवा. टाकीच्या वाफेने पेलेट ओले होऊन भोकाशी गठ्ठा होतो, यंत्र इमानाने फिरत राहतं आणि पडत काहीच नाही. फीडर पाण्यापासून हातभर उंच लावला, त्यात हवेच्या पंपाची एक बारीक नळी सोडली, आणि दर आठवड्याला रिकामा करून पुसतो. बाहेरगावी जाण्याआधी तीन दिवस फक्त त्याच्यावरच टाकी चालवून पाहावी.

इतकं खाणं घातलं की त्याच्या घाणीतून होणारं नायट्रेट आणि फॉस्फेट चढणारच. पहिल्या दोन महिन्यांत नायट्रेट ५ वरून २५ पीपीएमवर गेलं. अशा वेळी हात आखडता घेऊन खाणं कमी करणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट वाट. आम्ही खाणं तसंच ठेवून बाहेर काढणं वाढवलं: फिल्टर फ्लॉस, म्हणजे घाण अडवणारा कापसासारखा थर, दर तीन दिवसांनी बदलला, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घेतला, संपमध्ये कीटोमॉर्फा शेवाळाला रात्रीचे बारा तास दिवा दिला, आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं. ४५ लिटर पाण्याला साधारण १.६ ते १.७ किलो मीठ लागतं. ते आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षारमुक्त केलेल्या, पाण्यात आदल्या दिवशीच विरघळवून, २५ अंशांवर आणून ठेवायचं. आता नायट्रेट १० च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मध्ये राहतं. शून्याच्या मागे लागलो नाही. लोहाच्या दाण्यांचं फॉस्फेट रिमूव्हर एकदम भरून घातलं तर फॉस्फेट एका दिवसात कोसळतं आणि प्रवाळाच्या टोकांची कातडी जाते.

वीज गेली की टाकीत सर्वांत आधी अँथियास धापा टाकतात. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप ही या माशांसाठी चैन नव्हे.

सात महिन्यांनी नर गेला. रात्री जाळीचा एक कोपरा उचललेला राहिला होता. त्याच दुपारी सर्वांत मोठी मादी, तीच पेटीत बसलेली, थव्याच्या वर चढून गोते मारू लागली. अँथियास सगळे मादी म्हणून वाढतात आणि नर नाहीसा झाला की वरच्या नंबरची मादी नर होते. लेव्ह फिशेल्सन यांनी १९७० मध्ये स्क्वामिपिनिसवर हेच दाखवलं होतं. वागणं काही तासांत बदललं, रंग आणि परांची टोकं बदलायला जवळपास महिना लागला. या काळात बाहेरून नवा नर आणून घालायचा नाही, दोघांपैकी एक मरतोच. नवी मादी घालायची असेल तर दोन-तीन एकदम, आणि असलेल्या सगळ्यांपेक्षा आकाराने लहान. आम्ही दोन घातल्या, तेच बारा दिवस, तेच दोन आठवडे आणि तीच पेटी यातून काढून. तिसऱ्या संध्याकाळी कॅलॅनसचा पहिला हप्ता धारेत सुटला तेव्हा सहाही मासे एकाच दिशेला तोंड करून उभे होते.